परवाना पदाला नको, सहीला हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि राज्याच्या अभियांत्रिकी सेवेची तयारी करतोय. माझे मामा खासगी स्ट्रक्चरल इंजिनियर आहेत. त्यांना महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो, मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं. पण त्यांचे नकाशे तपासणाऱ्या पालिकेच्या अभियंत्याला कसलाच परवाना लागत नाही. डॉक्टरला मात्र सरकारी दवाखान्यातही नोंदणी लागते. मग सरकारी अभियंत्याला परवाना सक्तीचा का नसावा? आणि मी आत्ताच चार्टर्ड इंजिनियर वगैरे होऊन ठेवावं का?"

मी बरीच वर्षं सरकारी बांधकाम खात्यात होते, त्यातली बहुतेक पुलांच्या संकल्पचित्रांवर गेली. आता बाहेर सल्लागार म्हणून काम करते. परवान्याशिवाय सही कशी होते ते मी आतून पाहिलंय, आणि परवाना पणाला लावून सही करताना काय वाटतं तेही आता कळतं. उत्तर लांबणार आहे, पण विषयच तसा आहे.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पहिला, नोकरीत शिरताना परवाना मागावा का? दुसरा, सरकारी कागदावर तांत्रिक निर्णयाची सही करणाऱ्याला त्या निर्णयासाठी कोण जाब विचारणार? लोक बहुधा पहिल्यावर भांडतात. माझ्या मते खरी अडचण दुसऱ्यात आहे, आणि पहिल्याचं उत्तर बऱ्याच अंशी "नको" असंच आहे.

डॉक्टरांचं उदाहरण बरोबर आहे, पण ती व्यवस्था कायद्याने मुद्दाम घडवलेली आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम १५ मध्ये स्पष्ट लिहिलं होतं की नोंदणी नसलेल्या व्यक्तीला सरकारमध्ये किंवा स्थानिक संस्थेत डॉक्टरचं पद, मग त्या पदाचं नाव काहीही असो, धारण करता येणार नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने कलम ३४ मध्ये तेच पुढे चालवलं. पशुवैद्यकांसाठी १९८४ च्या कायद्यात असंच कलम आहे. अभियंत्यांसाठी संसदेने केलेला असा कायदाच लागू नाही. मामांचा परवाना येतो तो विकास नियंत्रण नियमावलीतून. राज्याच्या बहुतेक भागात आता २०२० ची एकत्रीकृत नियमावली चालते. तो परवाना नकाशा दाखल करणाऱ्यासाठी आहे, तपासणाऱ्याबद्दल त्यात काही नाही.

याचं मूळ बघण्यासारखं आहे. अमेरिकेत अभियंत्यांच्या परवान्याचा पहिला कायदा १९०७ साली वायोमिंग राज्यात झाला. तिथल्या राज्य अभियंत्याच्या कार्यालयात पाणीहक्काच्या अर्जांसोबत येणारे नकाशे वकील, नोटरी, वाट्टेल ते लोक काढून आणत आणि स्वतःला सर्व्हेयर म्हणवत. सरकारी कार्यालयाला बाहेरच्या अडाणी कामापासून वाचवण्यासाठी तो कायदा आला. आपल्याकडचा पालिकेचा परवानाही त्याच विचाराचा आहे: आतला माणूस जाणकार आहे असं गृहीत धरायचं आणि बाहेरच्याची परीक्षा घ्यायची. सरकारात मोजके अभियंते होते, वरिष्ठ प्रत्येक रेघ तपासत होते, तोवर हे गृहीतक चाललं. आज एका उपअभियंत्याकडे किती कामं असतात ते कुठल्याही उपविभागात जाऊन बघा.

आता "सक्ती करा" म्हणणाऱ्यांना मी सगळ्यात आधी विचारते, कुठल्या व्यवसायाबद्दल बोलताय? कारण नियम प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे आणि काही ठिकाणी चक्क उलटा आहे. वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे त्याला वकिली थांबवावी लागते, म्हणजे मंत्रालयात विधी अधिकारी झालेल्या माणसाची सनद निष्क्रिय होते. पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अभियोक्त्यांबद्दल सांगितलं की पगार सरकारचा असला तरी जो कोर्टात उभा राहून बाजू मांडतो तो वकीलच राहतो. हिशेबाच्या क्षेत्रात कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या, कार्यालयातले लेखापरीक्षक सनदी लेखापाल असावेच लागतात असं नाही. ते काम १९७१ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालतं. उलट रेरामध्ये, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या कायद्यात, प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढायचे तर व्यवसाय करत असलेल्या सनदी लेखापालाचा दाखला लागतोच, सोबत अभियंत्याचा आणि वास्तुविशारदाचाही.

वास्तुविशारदांबद्दलचा २०२० चा निकाल तर तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचा आहे. नोएडा प्राधिकरणात नावात 'आर्किटेक्ट' असलेलं एक पद होतं आणि त्यावर वास्तुशास्त्राची पदवी नसलेल्या कर्मचाऱ्याला बढती मिळाली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने म्हटलं की १९७२ चा वास्तुविशारद कायदा 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवतो, ते काम करण्यावर बंदी घालत नाही. त्यामुळे नोंदणी नसलेल्याला ते पद देता येईल, पण पदाच्या नावात तो शब्द ठेवता येणार नाही. कायद्याच्या चौकटीत हा निकाल बरोबरच आहे. नागरिक म्हणून मात्र मला तो अस्वस्थ करतो. पाटी बदलली, टेबलावरचं काम तेच राहिलं.

म्हणून मी पदाकडे न बघता कामाकडे बघते. एक प्रसंग सांगते, सल्लागार म्हणून मी ज्यात गेले होते.

उतारावरच्या एका वस्तीमागे सरकारी खर्चाने बांधलेली संरक्षक भिंत पुढे झुकली. कोसळली नाही, पण वरच्या कडेला सरळ पट्टी लावली की डोळ्यांना दिसेल इतकी कललेली होती. कागद मागवले. नकाशा 'टाइप ड्रॉइंग' होता, म्हणजे पूर्वीच्या कामाचा ठरलेला नमुना. तो तीन मीटर उंचीसाठी होता. जागेवर खोदकाम जास्त झालं म्हणून भिंत साडेचार मीटर झाली. तळाची रुंदी तीच, सळईही तीच. आता हे तुम्ही शिकलेलं आहात: मातीचा दाब खोलीबरोबर वाढतो, एकूण रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि आघूर्ण, म्हणजे भिंतीला उलथवणारा जोर, उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उंची दीडपट झाली की आघूर्ण सव्वातीन पटींहून जास्त होतो. त्यात पाणी निचऱ्याची छिद्रं नकाशात होती आणि जागेवर गिलाव्यात बुजलेली होती, म्हणजे पावसाळ्यात मातीच्या जोडीला पाण्याचाही दाब.

त्या नकाशावर शाखा अभियंता, उपअभियंता आणि कार्यकारी अभियंता या तिघांच्या सह्या होत्या. साडेचार मीटरसाठीचं गणित मात्र फाइलमध्ये कुठेच नव्हतं. तिघेही नालायक होते असं मी म्हणणार नाही. खालच्याने सही केली कारण नमुना आधी मंजूर झालेला होता, मधल्याने केली कारण खालच्याने केली होती, वरच्याने केली कारण दोन सह्या झालेल्या होत्या. पुढे विभागीय चौकशीत काय विचारलं गेलं? मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी वेळेत आहेत का, वाढीव कामाला मंजुरी घेतली का, निविदेच्या अटी पाळल्या का. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे चाललेल्या चौकशीचा रोख साहजिकच वर्तणुकीवर आणि कार्यपद्धतीवर असतो. "तुमच्या दर्जाच्या अभियंत्याने हे गणित करायला हवं होतं की नाही?" हा प्रश्न विचारणारं व्यासपीठच आपल्याकडे नाही. डॉक्टरांसाठी ते आहे: राज्य वैद्यक परिषद, जी त्यांच्या खात्यापासून वेगळी आहे.

या भिंतीतून आणखी एक गोष्ट दिसते. तांत्रिक मंजुरीचे अधिकार आपल्याकडे रकमेवर ठरतात. इतक्या लाखांपर्यंत अमुक अधिकारी, त्यावर तमुक. पण पैसा आणि धोका हातात हात घालून चालत नाहीत. रस्त्याच्या डांबरी नूतनीकरणाला मोठी रक्कम लागते आणि त्यात चुकलं तर खड्डे पडतात. संरक्षक भिंत, पाण्याची उंच टाकी, जुन्या कमानी पुलाची डागडुजी स्वस्तात होते आणि चुकलं तर माणसं मरतात. परवाना आणायचाच असेल तर तो इथे, धोक्याच्या कामाच्या सहीला जोडा. संकल्पचित्राची तपासणी, तांत्रिक मंजुरी, वापरात असलेल्या पुलाच्या सुरक्षिततेचा दाखला, स्लॅब टाकण्याआधी सेंटरिंगची, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत ते पेलणाऱ्या तात्पुरत्या आधाराची, तपासणी, या सह्या नोंदणीकृत माणसाच्याच असाव्यात आणि सहीखाली नोंदणी क्रमांक असावा. अंदाजपत्रक बनवणं, निविदा काढणं, देयकं तयार करणं यासाठी परवाना मागण्यात मला अर्थ दिसत नाही.

"पण आयोगाची परीक्षा आहे ना?" हा आक्षेप खात्यातून हमखास येतो. परीक्षेबद्दल मला आदर आहे, पण तिचं काम वेगळं आहे. स्पर्धा परीक्षा जागा शंभर असतील तर पहिले शंभर निवडते. एकशे एकावा अपात्र असतो असं नाही, आणि पहिला आयुष्यभर पात्र राहील असंही नाही. ती एकदाच होते, बहुधा पंचविशीच्या आसपास. त्यानंतर भूकंपाचं भारतीय मानक आयएस १८९३ बदललं, भूकंपात टिकण्यासाठी सळई कशी टाकायची त्याचं १३९२० बदललं, आणि तुम्ही ते वाचलंत की नाही हे विचारायला कुणी येत नाही. परवान्याचं बळ नूतनीकरणात आणि रद्द होण्यात असतं. महाराष्ट्रात डॉक्टरांना दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करताना शिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. त्या पद्धतीत त्रुटी आहेत, नुसती हजेरी लावून गुण मिळवणारेही आहेत, पण निदान विचारणा तरी होते.

आता दुसरी बाजू, आणि ती गंभीर आहे. परवाना असला म्हणजे पूल उभा राहतो असं नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी कोसळला. त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट आधी झालेलं होतं, बाहेरच्या व्यावसायिक सल्लागाराने केलेलं, आणि त्यात किरकोळ दुरुस्त्याच सुचवल्या होत्या. नंतर ऑडिटरला अटक झाली आणि पालिकेच्या अभियंत्यांवरही कारवाई झाली. बाहेरचा तज्ज्ञ, आतले अभियंते, दोघेही साखळीत होते. त्यामुळे "परवाना आणा, सगळं सुधारेल" असं मला कुणी सांगितलं तर मी त्याला हा पूल दाखवते. ऑडिट म्हणजे गंज लागलेल्या जोडापर्यंत चढून जाणं, हातोडीने ठोकून आवाज ऐकणं, जिथे पोचता येत नाही तिथे "पाहिलं नाही" असं अहवालात स्पष्ट लिहिणं. हे परवान्याच्या कागदातून येत नाही, ते करायला वेळ आणि पैसे द्यावे लागतात, आणि आपल्याकडे ऑडिटची कामंसुद्धा सर्वांत कमी दराच्या निविदेला जातात.

मग परवान्याने काय मिळतं? माझ्या अनुभवात एकच गोष्ट, पण मोलाची: "नाही" म्हणायला आधार. उद्घाटनाची तारीख ठरलेली आहे, काँक्रीटला अजून पुरेशी ताकद आलेली नाही, आणि वरून फोन येतो की सेंटरिंग काढा. केंद्राच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत लिहिलंय की वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा, आणि तोंडी आदेश मिळाला तर कनिष्ठाने तो लेखी मागून घ्यावा. कनिष्ठ अभियंत्याने प्रत्यक्षात लेखी मागितलं की त्याची गडचिरोलीला बदली होण्याची भीती त्याच्या मनात असते. ती भीती परवान्याने जात नाही. पण "साहेब, माझी नोंदणी जाईल" हे वाक्य वरिष्ठाला बोचत नाही, कारण त्यात त्याचा अवमान नसतो आणि ते खरं असतं. शवविच्छेदन करणाऱ्या सरकारी डॉक्टरवरही दबाव येतात. त्यालाही बदलीची भीती असते. पण खात्याच्या वर एक परिषद आहे, हे त्यालाही ठाऊक असतं आणि दबाव टाकणाऱ्यालाही.

यासाठी एक अट मात्र पाळावीच लागेल. नोंदणी करणारी संस्था नोकरी देणाऱ्या खात्यापासून वेगळी हवी. खात्याचाच सचिव परिषदेचा अध्यक्ष असेल तर परवाना म्हणजे बदलीसारखं आणखी एक हत्यार होईल, आणि तेव्हा मी पहिली विरोधात उभी राहीन.

सक्ती कधी आणि कशी आणायची, हेही परिस्थितीवर अवलंबून आहे. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, अनुभव समोर आहे. शिक्षकांसाठी ही परीक्षा २०१० च्या अधिसूचनेने आली. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून जास्त शिल्लक आहे अशा आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हावी, नाहीतर सेवा सोडावी. मुलांच्या हक्काच्या बाजूने हा निकाल समजून घेता येतो. पण वीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईंची अवस्थाही मला दिसते, जिला आता पदवीच्या पोरांच्या बरोबरीने परीक्षेला बसायचंय. अभियंत्यांच्या बाबतीत ही वेळ येऊ द्यायची नसेल तर सुरुवात वरून करावी. ज्यांच्या सहीने काम मंजूर होतं त्या कार्यकारी आणि अधीक्षक अभियंत्यांना आधी नोंदणी लागू करा, आणि ती पाठांतराच्या पेपरवर न देता त्यांनी केलेल्या कामाच्या छाननीवर द्या. कॅलिफोर्नियाच्या वाहतूक खात्यात साधारण असंच आहे: सुरुवातीच्या पदाला परवान्याची अट नाही, पण ज्येष्ठ अभियंत्याच्या पदावर जायचं तर स्थापत्य अभियंत्याची नोंदणी लागते. आणि तिथे नोंदणी मिळण्याआधी अनुभवाची वर्षं भरावी लागतात, त्यामुळे नुकत्याच पदवी घेतलेल्याकडे परवाना मागण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रवेशाच्या वेळी सक्तीला माझा विरोध याच कारणाने आहे. पदवीनंतर लगेच मिळणारा परवाना म्हणजे दुसरी पदवी. त्याची फी, त्याचे क्लास, त्याची पुस्तकं, आणि ज्या मुलाच्या घरात मामा इंजिनियर नाही त्याच्यासाठी आणखी एक भिंत. अनुभवाशिवायच्या परवान्याने सुरक्षितता वाढत नाही, फक्त रांग लांबते.

राहता राहिला तो कायद्याचा गुंता. परिषदेने सरकारी अभियंत्याची नोंदणी काढून घेतली तर त्याच्या नोकरीचं काय? संविधानाच्या अनुच्छेद ३११ प्रमाणे चौकशीशिवाय बडतर्फ करता येत नाही, आणि ते संरक्षण असायलाच हवं, कारण त्यानेच प्रामाणिक माणूस टिकतो. म्हणून नोंदणी गेली की नोकरी जावी असं मी म्हणत नाही. त्याने सहीचं काम सोडावं, नियोजनात, भांडारात, प्रशिक्षणात काम करावं, आणि नोंदणी परत मिळाली तर परत यावं. नोंदणीची फी आणि शिक्षणाचे दिवस खात्याने द्यावेत. हे न करता सक्ती आणली तर लोक गुणांचे दाखले विकत घेतील.

थोडक्यात, तुमच्या मामांवर अन्याय होतोय का? थोडा होतोय, पण त्याचं उत्तर त्यांचा परवाना काढून टाकणं नाही, आणि तुम्हाला परीक्षेला बसण्याआधी परवाना मागणं हेही नाही. त्यांच्या गणितावर जो सही करतो, त्याचंही नाव आणि क्रमांक त्याच कागदावर असावा, इतकंच मी मागतेय.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. चार्टर्ड इंजिनियर ही उपाधी इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स (इंडिया) देते. संस्था १९२० ची आहे आणि तिला १९३५ मध्ये रॉयल चार्टर मिळाली. उपाधी ऐच्छिक आहे, त्यासाठी संस्थेचं कॉर्पोरेट सभासदत्व आणि कामाचा अनुभव लागतो, म्हणजे शेवटच्या वर्षाला तुम्हाला ती मिळणारच नाही. राज्याच्या अभियांत्रिकी सेवेच्या निवडीत तिचे गुणही नाहीत. आत्ता त्यामागे लागू नका. त्याऐवजी एखादी साडेचार मीटरची संरक्षक भिंत घ्या, हाताने सोडवा, मागे पाणी भरलेलं धरून पुन्हा सोडवा, आणि तळाची रुंदी किती वाढते ते स्वतः बघा. खात्यात गेल्यावर पहिल्याच वर्षी एखादं टाइप ड्रॉइंग तुमच्या टेबलावर येईल. त्याखाली सही करण्याआधी ते किती उंचीसाठी काढलंय ते वाचा, आणि जागेची उंची वेगळी असेल तर आपलं गणित फाइलला जोडून मगच पुढे पाठवा. त्यासाठी कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.